शनिवारी लेक आणणारी शेजारीण

माझ्या मुलीची प्रत्येक बातमी मला शिळी मिळायची. आधी ती शेजारणीला कळायची, तीही आभाळात, आणि मग उरलंसुरलं माझ्या ताटात पडायचं. याचा मला किती जळफळाट व्हायचा ते मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आता बोलायला काय हरकत आहे?

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. आजूबाजूला मराठी घरं, शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून आणायचा, सगळं छान चाललं होतं. मग नवऱ्याला मोटारीच्या कंपनीनं कामावरून कमी केलं आणि अलास्कातल्या एका सोन्याच्या खाणीवर यंत्रं सांभाळायची नोकरी मिळाली. वस्ती नदीकाठी, तीसेक घरांची. रस्ता नाही. खराब रस्ता नव्हे, रस्ताच नाही. यायचं ते विमानानं, जायचं ते विमानानं, कांदेबटाटेसुद्धा विमानानं.

शाळा आठवीपर्यंतच. त्यामुळे नववीला लेकीला फेअरबँक्स शहरात ठेवावं लागलं, शाळेतल्या मुलांना ठेवून घेणाऱ्या एका कुटुंबाकडे. टपालाचं विमान यायचं ते कामाच्या दिवशी, आणि त्याचं भाडं ऐकूनच घशाला कोरड पडायची. दर आठवड्याला पोर घरी येणं शक्यच नव्हतं. पण आमच्या शेजारणीचं स्वतःचं छोटं विमान होतं.

निवृत्त शिक्षिका, साठीला टेकलेली, एकटी. दर शनिवारी सकाळी ती शहरात जायची, वस्तीतल्या लोकांची औषधं, यीस्ट, बॅटऱ्या असलं काहीबाही घ्यायची, आणि येताना आमच्या लेकीला घेऊन यायची. रविवारी परत सोडायची. आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. इतक्या भल्या बाईवर जळायचं म्हणजे काय कर्मकठीण, पण मी जळायचे.

कारण विमानात दोघी कानाला ते हेडफोन लावून तासभर बोलत यायच्या. धावपट्टीवर उतरायच्या तेव्हा लेक हसून हसून लाल झालेली असायची. मी विचारायचे, "कसा गेला आठवडा?" ती म्हणायची, "फाइन." संपलं. एवढ्या एका शब्दासाठी मी सकाळपासून पुरण वाटत बसलेली असायचे. मग शेजारीण चहा पिताना सहज म्हणायची, केमिस्ट्रीचं फार मनाला लावून घेतलं गं पोरीनं. कसली केमिस्ट्री? मला पत्ताच नसायचा. लेकीशी वर्गातल्या मैत्रिणीनं बोलणं टाकलं, तेही शेजारणीकडूनच कळलं. लेकीला पहिल्यांदा पाळी आली ती शहरात, शनिवारी सकाळी. लागणाऱ्या वस्तू दुकानातून कुणी आणून दिल्या? हिनं. कसं वापरायचं कुणी सांगितलं? हिनं. मी आई, आणि मला रविवारी भांडी विसळताना कळतंय. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर लेक तिला 'मावशी' म्हणायची, आणि हे म्हणायला मीच शिकवलेलं!

नवरा म्हणायचा, "अगं, तिच्यामुळे पोर दर आठवड्याला डोळ्यांना दिसते. उपकार मान."

"मानते ना," मी म्हणायचे. "मानते म्हणून तर जास्त जळते."

आता उपकार मानायची आमची पद्धत म्हणजे कुणाचं फुकट घ्यायचं नाही. ट्रॉयला असताना कुणी वाटीभर रस्सा दिला तरी दुसऱ्या दिवशी आमच्याकडून काहीतरी जायचंच. इथे नवऱ्यानं खाणीतल्या साहेबाशी बोलून, स्वतःच्या पगारातून, शेजारणीच्या विमानाच्या पेट्रोलची सोय केली होती. महिन्याला एक पिंप तिच्या शेडमध्ये जायचं. ती नको नको म्हणायची, हा ऐकायचा नाही. फुकटे म्हणून घ्यायचं नव्हतं त्याला.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला विमानखात्याचा एक माणूस वस्तीत आला. आडबाजूच्या भागात छोटी विमानं पडायला लागली होती, म्हणून नियम कडक केले होते. खासगी परवाना असलेल्यानं माणूस किंवा सामान नेण्याच्या बदल्यात काहीही घ्यायचं नाही. नियम जुनाच होता म्हणे, पण इतके दिवस आमच्यासारख्या ठिकाणी कोण बघायला येतंय? आता यायला लागले. बाकीच्या घरांतली माणसं शहाणी. "शेजारधर्म" एवढंच सांगून त्यांनी दार लावून घेतलं. आमच्याकडे पाहुणा दारात उभा राहील कसा? नवऱ्यानं त्याला आत बसवलं, मी पोहे केले. त्यानं खाता खाता साधंच विचारलं, ही बाई तुमच्या मुलीला फुकट आणते का?

आणि माझा नवरा ताठ बसून म्हणाला, "छे, फुकट कसं? आमच्यात तसं चालत नाही. दर महिन्याला मी तिला एक पिंप पेट्रोल देतो."

झालं. त्या माणसानं बशी खाली ठेवली. शेजारणीचा परवाना वसंत ऋतूपर्यंत स्थगित.

वस्तीला कसा फटका बसला ते सांगायला नको. मधुमेहाच्या म्हाताऱ्याची औषधं टपालाच्या विमानावर अवलंबून राहिली, आणि धुक्यामुळे ते विमान आठवडा आठवडा यायचं नाही. दुकानात कांदे संपले. लोक आमच्याशी बोलायचे, पण बेतानं. आणि आमच्या घरी शनिवार येईनासा झाला. लेक टपालाच्या विमानानं नाताळात एकदा आली, तेवढीच. मग मी शहरातल्या त्या घरमालकिणीवर जळायला लागले. माझ्या लेकीला रोज सकाळी ती बघत होती. ट्रॉयच्या मैत्रिणींचे फोन यायचे, पोरी उलट बोलतात, ऐकत नाहीत, डोकं खातात. वाटायचं, तुमच्या पोरी निदान उलट बोलायला समोर तरी आहेत.

शेजारीण रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. शनिवारी तिला करायला काही उरलं नव्हतं म्हणून ती आमच्याकडे येऊन बसायची, लेकीची आठवण काढायची. तिलाही करमत नव्हतं. मला तेही सहन व्हायचं नाही. माझ्या मुलीवाचून हिला काय म्हणून करमू नये?

नदीवरचा बर्फ तडकायला लागला तेव्हा परवाना परत मिळाल्याचं कळलं. शेजारणीनं विमान पुसून लख्ख केलं. पुढच्या शनिवारी लेकीला आणायचं ठरलं. मी श्रीखंडासाठी दही टांगलं. शेजारीण आमच्या स्वयंपाकघरात बसून हवामानाचं काही सांगत होती आणि फोन वाजला. लेक होती.

"आई, डोन्ट बी मॅड," ती म्हणाली. शनिवारचा जॉब लागला होता तिला, स्केटच्या दुकानात, हिवाळ्यातच. आता फुलटाइम मिळत होता, सगळा उन्हाळा. मैत्रिणी तिथे होत्या. "वीकेंडला मी आता इथेच असते ना. मला सवय झालीये गं. घरी येऊन मी काय करू?"

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला.

शेजारीण खुर्चीवरून उठली होती. तिच्या हातात विमानाची किल्ली होती आणि चेहरा असा उजळलेला, जणू आता मी सांगेन लेक किती वाजता तयार राहणार आहे. "काय म्हणाली?" तिनं विचारलं.

माझ्या मुलीची बातमी पहिल्यांदाच मला तिच्या आधी कळली होती, आणि ती तिला सांगायला माझी जीभ उचलेना.