चौपन्न रुपयांचा फरक

“परत?” अण्णाशेठांनी विचारलं.

मी मान हलवली. आमचे शेठ कौलं, सुपारी आणि मीठ यांचा व्यापार करत. रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर त्यांची पेढी होती आणि तिथं मी हिशेबनीस होतो. मुंबईची अकाउंटन्सीची डिप्लोमा परीक्षा मी दुसऱ्यांदा देऊन आलो होतो आणि दुसऱ्यांदाच नापास झालो होतो.

“कायद्याच्या पेपरात?”

“कायद्यात पास.”

“मग ते ऑडिटिंग की काय ते?”

“त्यातही पास.”

“मग नापास कशात झालास?”

“हिशेबात,” मी म्हटलं.

अकरा वर्षं ज्याच्या हातात आपल्या वह्या दिल्या तो माणूस हिशेबात नापास होतो, हे ऐकून कुठल्याही मालकाला घोर लागेल. शेठांनी लगेच कपाटाकडे नजर टाकली. वह्या जागच्या जागी होत्या.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढेमागेची. शेठांनी पेढीची लिमिटेड कंपनी करायचं घेतलं होतं. कंपनी म्हटलं की इंग्रजीत हिशेब, दरसाल छापील बॅलन्सशीट आणि ते तयार करायला डिप्लोमावाला अकाउंटंट. ती जागा मला द्यायची असं शेठांच्या मनात होतं. पगार जवळजवळ दुप्पट, शिवाय टेबल आणि खुर्ची. आम्ही तोवर गादीवर मांडी घालूनच लिहीत होतो.

“आणखी एकदा बस,” शेठ म्हणाले. “या खेपेला नाही जमलं तर मुंबईहून माणूस आणतो. मग तू त्याच्या हाताखाली. राग मानू नकोस.”

राग कसला मानायचा? पण मुंबईहून आलेलं एखादं पोर मला “जरा ती वही द्या” म्हणेल, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी नापास का होत होतो ते कळायला आमचे तात्या कळायला हवेत. तात्या म्हणजे पेढीचे जुने दिवाणजी. साठी उलटलेली, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मोडीत असं लिहीत की वही उघडली की वाचावीशी वाटे. मला हिशेब त्यांनी शिकवला. त्यांचा नियम एकच होता: मेळ बसल्याशिवाय उठायचं नाही. दिवसाची जमा आणि खर्च यांचा ताळा पैशापैशाने जुळला की तात्या म्हणत, “ऊठ.” मग उठायचं. एका चतुर्थीला घरी गणपती पाटावर, भटजी खोळंबलेले, आणि तात्या पेढीवर एका आण्याचा फरक शोधत बसले होते. घरून तीन निरोप आले. तात्यांनी आणा शोधला, “ऊठ” म्हणाले आणि मग घरी जाऊन प्राणप्रतिष्ठा केली. नैवेद्य उतरत्या दुपारी झाला. गणपतीने काही तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

असल्या हाताखाली तयार झालेला मी. परीक्षेत पहिलाच प्रश्न मोठा असे. एका कंपनीच्या खात्यांची यादी द्यायची, तिच्यावरून नफातोटा काढायचा आणि बॅलन्सशीट बनवायचं. बॅलन्सशीट म्हणजे एका बाजूला कंपनीचं देणं, दुसऱ्या बाजूला तिच्याजवळ जे काही आहे ते. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी माझ्या आल्या नाहीत. मी फरक शोधत बसलो. घंटा झाली तेव्हा फरक सापडला होता आणि बाकीचे प्रश्न तसेच पडले होते. दुसऱ्या वर्षी घंटा झाली तेव्हा फरकही सापडला नव्हता.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. “पेपर अवघड होता” म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढे विचारत नाहीत. आमच्या हिने विचारलं. ती तांदळाची भाकरी थापत होती, तोंड परातीकडेच होतं.

“अहो, पेपरात प्रश्न किती असतात?”

“सहा.”

“त्यातले तुम्ही किती लिहिलेत?”

“एक.”

तिचा हात थांबला. “एक? आणि बाकीच्या पाच प्रश्नांच्या वेळात काय केलंत?”

“फरक शोधला. ताळेबंद न जुळवता पुढे कसं जाणार?”

“अग बाई! म्हणजे पहिली भाकरी तव्याला चिकटली की बाकीचं पीठ तसंच ठेवून मी तवा खरवडत बसायचं? आणि तुम्ही सगळ्यांनी उपाशी राहायचं?”

मी म्हटलं, “तुला त्यातलं कळत नाही.” नवऱ्यांना हे वाक्य फार उपयोगी पडतं. पण अकरा वर्षांत हिशेबावर इतका स्वच्छ शेरा मी ऐकला नव्हता, हेही खरं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तिने मला जुना पेपर सोडवायला बसवलं. स्वतः घड्याळाकडे डोळा ठेवून शेंगा सोलायची. अर्धा तास झाला की “उठा” म्हणून समोरचा कागद ओढून घ्यायची, जुळला असो नसो. पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो. दुसऱ्या रविवारी कागद घट्ट धरून ठेवला, तो फाटला. महिन्याभराने माझा हात आपोआप सैल पडायला लागला. हे तात्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मात्र मी फार जपत होतो.

तिसऱ्या खेपेला आगबोटीने मुंबईला गेलो. बोट बाहेर समुद्रात उभी असायची, पडावातून तिथपर्यंत जायचं, त्यातच निम्मा अभ्यास विसरायचा. पेपर हातात पडला. पहिला प्रश्न सोडवला. दोन्ही बेरजा केल्या.

चौपन्न रुपयांचा फरक.

पुन्हा बेरजा केल्या. चौपन्न. घड्याळात अर्धा तास होत आला होता. एका कानात तात्या म्हणत होते, “बस.” दुसऱ्या कानात ही म्हणत होती, “उठा.” मी आजूबाजूला पाहिलं आणि चोरी करावी तसे ते चौपन्न रुपये उचंत खात्यात लिहून टाकले. उचंत खातं म्हणजे ज्या रकमेचा पत्ता लागत नाही तिला तात्पुरती टेकायला दिलेली जागा. तात्या त्याला आळशी कारकुनाची अडगळ म्हणत. कान गरम झाले माझे. पण मी पान उलटलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसरा प्रश्न पुरा वाचला.

निकालाची तार आली. पास. हिने देवापुढे साखर ठेवली आणि मला म्हणाली, “पेढे घेऊन आधी तात्यांकडे जा.” नेमकं तिथंच जायची मला छाती होत नव्हती.

तात्या गादीवर होते. पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. “छान झालं. ताळेबंद जुळला ना?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्या माणसासमोर अकरा वर्षांत आण्याचं खोटं चाललं नव्हतं.

“नाही तात्या. चौपन्न रुपयांचा फरक राहिला.”

“आणि उठलास?”

“उठलो.”

“शिंच्या!” तात्यांनी पेढा परत पुडक्यात ठेवला. “न जुळवता उठलास आणि त्यांनी तुला पास केलं? कोण बसवलेत रे तिकडे तपासायला?”

मी सांगितलं, की तिथं रीत बघतात, सगळे प्रश्न बघतात, एका फरकासाठी नापास करत नाहीत. तात्यांनी ते कानाआड केलं. “यादी आण,” म्हणाले.

छापील प्रश्नपत्रिका माझ्याजवळ होती, तिच्यातच ती खात्यांची यादी होती. मी एकेक रक्कम मराठीत सांगत गेलो, ते मोडीत उतरवत गेले. मग बोरू कानावर ठेवून त्यांनी विचारलं, “चौपन्नचे निम्मे किती?”

“सत्तावीस.”

“सत्तावीस रुपये कुठे आहेत?”

मी यादी पाहिली. गिऱ्हाइकांना दिलेली सूट, सत्तावीस रुपये. रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक दुप्पट येतो, म्हणून फरक निम्मा करून ती रक्कम शोधायची. हे मला तात्यांनी पेढीवर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. परीक्षेच्या घामात तेवढंच आठवलं नव्हतं.

“ही तू कुठे लिहिलीस?”

“उजवीकडे.”

“मग चुकलं कुठे? सूट म्हणजे खर्च, तो नावे पडतो. नावेची रक्कम उजवीकडेच लिहितात.”

आता काय सांगावं! आमच्या वह्यांत जमा डावीकडे, नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत नेमकं उलटं. अख्खा पेपर मी इंग्रजीत लिहिला आणि त्या एका रकमेला हात तात्यांकडे गेला.

“इंग्रजीत ती डावीकडे जाते, तात्या.”

“म्हणजे सगळ्या पेपरात तेवढी एक रक्कम तू बरोबर लिहिलीस,” तात्या म्हणाले आणि त्यांनी पेढा खाल्ला. मग दुसराही उचलला. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. नापास झालो तेव्हासुद्धा आलं नव्हतं.

जागा मला मिळाली. टेबल आलं, खुर्ची आली. शेठ हळूच म्हणाले, “आता तात्यांना आराम देऊ या. इंग्रजी त्यांना यायचं नाही.”

“शेठ, बॅलन्सशीट मी करीन, पण ते जुळलं की नाही हे सांगायला माणूस लागेल.”

“मग तू डिप्लोमा कशाला घेतलास?”

“सही करायला.”

शेठ व्यापारी होते, त्यांना पटलं. तात्या गादीवर राहिले.

कंपनीचं पहिलं बॅलन्सशीट टाइप होऊन आलं तेव्हा मी खुर्ची सोडून गादीवर मांडी घातली आणि एकेक आकडा वाचून दाखवला. तात्यांनी तो आपल्या कागदावर, आपल्या बाजूंनी मांडला. संध्याकाळ व्हायला आली. घरून निरोप आला, मी परत पाठवला. शेवटी तात्यांनी खाली दोन रेघा ओढल्या, दौतीचं झाकण लावलं आणि म्हणाले, “ऊठ.”

मग मी टेबलाशी गेलो आणि नावापुढे डिप्लोमाची अक्षरं घालून सही केली. तात्या होते तोवर दरसाल हे असंच चाललं. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगत आलो, की अर्ध्या तासाने उठा. पास झालात की मात्र कुणीतरी ऊठ म्हणेपर्यंत बसा.