तोंड मऊ, बूड कडक

“काय चमकून राह्यल्या बे नारायण!” किसनरावांनी पितळी पुंगळ्यांची मूठ भरून कोटाच्या खिशात टाकली आणि मी हातातला चिमटा टाकून पुढे झालो.

पुंगळी म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं रिकामं घर. कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा किसनरावांनी मुंबईहून नव्या तऱ्हेची बंदूक आणली. सगळा मुलूख कपाशी पेरत होता, त्यामुळे रानडुकरांची धाड किसनरावांच्या एकट्याच्या ज्वारीवर. नवी काडतुसं इथे मिळत नसत. जुन्याच पुंगळ्या पुन्हा भरायच्या, आणि भरण्याआधी माझ्या अमरावतीच्या पितळकामाच्या दुकानात तापवून न्यायच्या.

बार उडवून उडवून पुंगळीचं तोंड कडक होतं, मग चिरतं. ते तापवून मऊ करतात. बूड मात्र कडकच हवं, दारूचा धक्का तेच झेलतं. म्हणून मी पुंगळ्या परातीतल्या पाण्यात उभ्या करी आणि आच फक्त तोंडाला देई.

दिवाळीला दादा-वहिनी अकोल्याहून आले होते. दादा भांडी घडवणारा. भांडं अख्खं तापवतात, त्या सवयीनं त्यानं मदत म्हणून अर्ध्या पुंगळ्या बुडासकट निखाऱ्यात भाजल्या. बघताच मी त्या वेगळ्या काढल्या. ओळख सोपी होती: माझ्या तोंडाशी डागाळलेल्या, दादाच्या सगळ्या काळ्या.

वहिनीनं अंगणात ते पाहिलं. दिवाळीत काळं पितळ! तिनं दोन्ही ढीग चिंचेनं लख्ख घासून एका सुपात ठेवले.

“खिशातल्या काढा,” मी किसनरावांना म्हणालो. “अर्ध्या बुडाशी मऊ हायेत. फुटतीन.”

“कोन्त्या?”

“थेच तं समजून नाई राह्यलं.”

वाजवून पाहिल्या. भांड्याचा नाद ओळखणारा माझा कान, पण या बोटभर पुंगळ्या सारख्याच वाजल्या.

“साऱ्या वितळवतो,” मी म्हणालो.

“मंग डुक्कर काय थाळी वाजवून हाकलू?”

मी सूप मुशीत रिकामं केलं. त्यांनी चिडून खिसा उलटा करून दाखवला आणि निघून गेले. कोटाला आतूनही एक खिसा होता, हे मला नंतर कळलं.

त्या खिशातली एक पुंगळी बंदुकीत बुडाशी फुटली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. भेटायला गेलो तर म्हणाले, “तुह्यं आयकाले पायजे होतं.” मला रडू आवरेना. कोणाचंच मन वाईट नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागतं.

निराळं ठेवलेलं काम निराळं का, ते घरच्यांना सांगून ठेवावं. धडा एवढाच.

वहिनीला कोणी बोल लावला नाही. पण पुढच्या दिवाळीत ती देवाची समई हातात धरून कितीतरी वेळ दुकानाच्या दारात उभी होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे घासू काय?”