मयत बाझीलच्या वारसांचं कुंपण

बाझील पोमिये कबरीत मातीला मिळाला, तेव्हा कुठे अमेरिकन सरकारला पटलं की मिसिसिपीकाठचं ते शेत त्याचं होतं. जमीन दिली होती स्पेनच्या अंमलदाराने. राज्य बदललं, आणि नव्या साहेबांनी विचारलं, जमीन त्याची जो तिथे राहतो, मग शेतात घर कुठे आहे? आता त्या फ्रेंच गावात शेतात राहतो कोण? घरं सगळी चर्चभोवती, शेतं नदीकाठी एकाच मोठ्या कुंपणात. "शेतात बैल राहतात, साहेब," बाझील म्हणाला, आणि दावा फेटाळला गेला.

त्याच्यामागे ते शेत उर्सुलने, त्याच्या बायकोने, कसलं. आता मंजुरी आली ती 'मयत बाझीलच्या वारसांना'. म्हणजे एकुलत्या मुलीला, सेलेस्तला. बायको वारसात धरत नाहीत म्हणे! लग्नात करार झाला होता, मिळवू त्यातलं निम्मं बायकोचं. गावातल्या प्रत्येक लग्नात होतो. साहेबांच्या लेखी तो करार म्हणजे वरातीतलं गाणं.

जावई नावाडी. त्याने लगेच शेताला गिऱ्हाईक शोधलं.

"आई, तुला एक खोली देऊ की," सेलेस्त म्हणाली.

"माझं शेत विकून मला खोली? फार उपकार झाले."

पेरणीआधी गाव कुंपणाला लागलं. ज्याचं शेत, त्याने आपला तुकडा उभा करायचा. एकाने कसर केली की गुरं सगळ्यांचं पीक खातात, आणि भरपाई त्याच्या बोडक्यावर. कुंपणावर देखरेख करणारा म्हातारा तूसाँ एकेका मालकाच्या नावाने हाका देत होता. उर्सुलच्या तुकड्यापाशी तो अडखळला.

"बाझीलचे वारस."

उर्सुल ओंडक्यावर बसून चिलीम ओढत राहिली.

"वहिनी, अहो, तुमचा तुकडा."

"माझा? सरकारला विचारा. इतकी वर्षं खांब ठोकले ते बहुधा भुताने."

जावयाने कुऱ्हाड उचलली. त्याचा पहिला खांब डुकराने अंग घासलं तरी पडला असता. लोक जमले.

"वल्ही मारायची नाहीत, बाबा, खांब ठोकायचाय," कुणीतरी म्हणालं.

"पीक गेलं तर भरून कोण देणार?" दुसऱ्याने विचारलं.

सेलेस्त त्या कलत्या खांबाकडे बघत होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"आपल्या लग्नातही तोच करार आहे ना?"

"मग?"

"मग उद्या तू बुडालास, तर मलाही कुणीतरी खोली देईल." ती वळली. "तूसाँकाका, आईचं नाव घ्या."

"कागदावर तुझं आहे, पोरी."

"निम्मं शेत तिच्या नावे लिहून देते. सगळ्यांसमोर सांगते. आणि विकायचं नाही."

जावई काहीतरी पुटपुटला. कुणी लक्ष दिलं नाही.

स्वतःच्याच जमिनीचं निम्मं पोटच्या पोरीकडून दान घ्यायचं! उर्सुलच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कुंपणापलीकडे गुरं उभी होती.

"उर्सुल पोमिये," तूसाँने हाक दिली.

तिने चिलीम झटकली, जावयाच्या हातातली कुऱ्हाड घेतली आणि त्याचा खांब एका लाथेत आडवा केला.

"धरा, जावईबापू. सरळ धरा. वारसाचे नवरे ना तुम्ही?"