महागातलं पेट्रोल आणि आमची घाटी

आमच्या स्कूटरला महागातलं पेट्रोल लागत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. पंपावरचे लोक "हे घाला साहेब, गाडी मखमल चालेल" म्हणायला लागले की माझं डोकंच फिरतं. अरे, या टिनपाटाला मखमल कुठे घालायची? महागातल्यात ऑक्टेन जास्त, म्हणजे ते पेट्रोल जास्त दाब सोसतं, दाबाखाली अवेळी पेट घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या इंजिनात तेवढा दाब असतो, त्याला ते खुशाल पाजावं. आमच्या गाडीत कसला आलाय दाब! हे व्याख्यान मी आचऱ्याच्या नाक्यावर चहा पिता पिता इतक्यांदा दिलंय, की लोक मला बघून मुद्दाम विषय काढायचे आणि मी दर वेळी त्यात सापडायचो.

आणि तरीही, एका पावसाळ्याच्या शेवटापासून पुढचे कितीतरी महिने, मी स्वतः तेच पेट्रोल भरत होतो.

त्याला कारण आमची घाटी. आचऱ्याहून कणकवलीकडे निघालं की रस्ता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढतो. मोठ्या गाड्यांना तो चढ कळतसुद्धा नाही. आमची स्कूटर मात्र दोघांना घेऊन तो चढत नसे. अर्ध्यावर जाऊन असा काही रडका सूर लावी, की मागून बायको आपणहून म्हणे, "थांबा ओ, उतारतंय मी." मग मी एकटा वर जायचो आणि काजूच्या झाडाखाली पडलेल्या एका चिऱ्यावर बसून तिची वाट बघायचो. ती निऱ्या खोचून, हंगाम असला तर वाटेतल्या करवंदांवर हात मारत, माझ्या आणि गाडीच्या नावाने शंख करत वर यायची. "गाडी तुमची, आणि घाटी चढाची मी!" असं म्हणून माझ्या शेजारी टेकायची. खाली माडांच्या शेंड्यांपलीकडे खाडी पसरलेली असायची. कितीही घाई असली तरी तिथे वेळ जायचाच. आमच्या संसारातलं निम्मं सुख त्या चिऱ्यावर बसून झालं, असं मला आता वाटतं.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. परत येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आमची भाड्याची मोटार बराच वेळ ट्रकांच्या रांगेत उभी होती. ती काचेला डोकं टेकून झोपली होती, आणि तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी ट्रक बघत होतो. डॉक्टर म्हणाले होते, गाठ काढली आहे, आता औषधं सोसली आणि अंगात ताकद भरली तर भिण्याचं कारण नाही. मी भ्यायलो होतो. सरळ सांगतो, आयुष्यात एवढा कधीच भ्यायलो नव्हतो.

घरी आल्यावर देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने घालायची रीत नाही. एकाने देवाला साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. त्या दिवशी घरात आम्ही दोघंच. शिवाय नवस बोलायचा तर काय बोलायचा? नारळ? ते परसात लोळत असतात. कोंबडा? तो शेवटी आम्हीच खाणार. नवस कसा, आपल्यालाच चिमटा बसेल असा हवा. जन्मभर ज्याला नावं ठेवली तेच करायची वेळ आली, तर खरा चिमटा. आणि मला काय सुचावं!

"बा देवा म्हाराजा, हिका बरी कर. ही पयल्यासारखी आपल्या पायांनी घाटी चढापर्यंत मी ह्या गाडयेत म्हागातलाच पेट्रोल घालीन रे म्हाराजा!"

माझं बोलणं संपलं. मग आतल्या खोलीतून, अंथरुणातून, बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा." आणि जरा वेळाने, "देवाक पेट्रोल कळता काय ओ?" मी देवघरासमोर उभ्या उभ्या हसत होतो की रडत होतो, त्या देवालाच ठाऊक.

पुढची तपासणी कणकवलीला असायची. एसटीत तिला मळमळायचं आणि रिक्षातल्या वासाने डोकं उठायचं. स्कूटरवर सावकाश नेलं, तोंडावर वारा लागला, की तिला बरं वाटायचं. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं तेव्हा आम्ही स्कूटर काढली. आदल्या दिवशी मी एकटाच हायवेच्या पंपावर जाऊन टाकी भरून आणली होती, ओळखीचं कोणी बघत नाही ना ते चारदा पाहून.

सकाळी दाट धुकं होतं. घाटीच्या पायथ्याशी माझा हात आपसूक ब्रेकवर गेला, कारण हिला आता चालवायची कशी, याचाच मी घोर लावून घेतला होता. पण गाडी अडलीच नाही. वर, वळणावरून आणखी वर, इंजिनाने कसली म्हणून तक्रार केली नाही. झाडं धुक्यातून येत होती आणि धुक्यातच जात होती. आपण चढतोय की कुणी उचलून नेतंय, कळत नव्हतं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. ही वाट अशीच चालू राहावी, पुढे कणकवली नसावी, डॉक्टर नसावा, असं वाटत होतं. काजूपाशी पोचलो तसा मी आनंदाने ओरडलो, "बघलंस गो? चढली! पेट्रोलचो गुण!"

ती मागून म्हणाली, "पेट्रोलचो न्हय. मीच अर्धी झालंय."

तेव्हा मला खांद्यावरचा तिचा हात कळला. हात होता, पण त्याला भार नव्हता. "गप ऱ्हव," मी खेकसलो, आणि चिऱ्यापाशी न थांबता गाडी तशीच पुढे काढली.

त्यानंतर आम्ही कितीदा गेलो आलो. दर वेळी गाडी घाटी चढायची. चढत नाही म्हणून जिला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, ती आता निमूट चढायची आणि तिच्या चढण्याचाच मला राग यायचा. नाक्यावर एव्हाना बातमी फुटली होती. "काय ओ, मखमल?" असं कोणीतरी विचारायचंच. मी म्हणायचो, "व्हय, बरा असता," आणि चहा संपवून उठायचो. नवसाचं सांगितलं नाही. सांगायचं तर कशासाठी केला तेही सांगावं लागलं असतं, आणि ते माझ्या तोंडातून निघालं नसतं.

घाटी आली की मी इंजिनाला कान लावायचो. गाडी बंद पडावी म्हणून देवाला हात जोडणारा माणूस कुणी बघितलाय? मी होतो तसा. ती अडखळत नव्हती. घरी बायको पेजेचे चार घोट घ्यायची आणि ताट सरकवायची.

मग एक दिवस तिने आपणहून बांगड्याचं तिखलं मागितलं. मी काही बोललो नाही, उगाच आपलीच दृष्ट लागायची. पुढे तिने आत घेतलेले ब्लाउज उसवायला काढले, तेव्हाही मी मुद्दाम पाठ फिरवून पेपर वाचत बसलो. दारात मासळीवालीशी तिचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं, त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी मागच्या दारी जाऊन पोटभर हसून घेतलं.

काजूला मोहर आला होता. त्या सकाळीही आम्ही तपासणीलाच निघालो होतो, टाकीत महागातलं पेट्रोल काठोकाठ. घाटीच्या मध्यावर गाडीने आपला जुना रडका सूर लावला, दोन आचके दिले आणि बंद पडली. सवयीने माझं तोंड सुटलं, "आयला, एवढा म्हागाचा पिऊन..." आणि तिथेच जीभ अडली.

मागून आवाज आला, "थांबा ओ, उतारतंय मी."

"बस गो, मी ढकलतंय," मी म्हणालो. पण ती उतरली होती, निऱ्या खोचत होती. "तुमी जावा वर," ती म्हणाली.

मी किक मारून वर गेलो. चिऱ्यावर बसवेना म्हणून उभाच राहिलो. वळणाआड ती दिसत नव्हती. मोहराचा वास येत होता, मधमाश्या घोंगावत होत्या, खाली खाडीचं पाणी हलतंय की नाही असं पडून होतं. हिला वाटेत चक्कर आली तर? आपण कशाला वर आलो? परत फिरणार, तेवढ्यात आधी तिचा आवाज आला. ती माझ्या, गाडीच्या आणि पेट्रोल विकणाऱ्यांच्याही नावाने शंख करत होती. मग वळणावरून ती दिसली. घामाने भिजलेली, लालबुंद, एक हात कमरेवर.

मी चिऱ्यापुढे उभा राहून हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." एवढंच म्हटलं.

खालून, धापा टाकत, पण सगळ्या सड्याला ऐकू जाईल असा आवाज आला, "व्हय म्हाराजा! आणि आता तरी साधा पेट्रोल घाला!"

ती वर आली आणि माझ्या खांद्यावर हात देऊन चिऱ्यावर बसली. खांदा चांगलाच दबला.