गंगाखेडची टोपी आणि दाजींचं नाव

"बापू, शनिवारी येच. ह्यांच्या मनातलं थेट माझ्या मनात यायचं मशीन आलंय गंगाखेडात. आता परभणीचा बोलायचा क्लास बंद!" आक्काचा हा फोन आला. लकव्यानंतर दाजींना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. सराव सुटला तर वाचा परतणं अवघड, हे क्लासच्या बाई सांगून थकल्या होत्या. मी पुण्याहून निघालो.

सकाळी परभणीला उतरून पोहे खाल्ले, रिक्षानं एसटी स्टँड गाठलं. जाणार असाल तर हाताशी वेळ ठेवा, उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते. पोखर्णीला शेजारच्या काकांनी नृसिंहाला हात जोडले आणि विचारलं, "तुमी बी त्या मनातलं पोचवायच्या टोपीलाच चाललात का?" घ्या! मी मोबाईलवर तेच वाचत होतो. प्रयोगशाळेत एका मेंदूतला इशारा दुसऱ्या मेंदूत पोचवलाय खरा, पण घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उजेड चमकला की 'हो', नाही तर 'नाही', मजल एवढीच.

गंगाखेडच्या मंगल कार्यालयात ही गर्दी! आक्का-दाजींच्या डोक्यावर वायरींच्या टोप्या.

"ताई, काय जाणवलं?" मशीन चालवणाऱ्या टायवाल्यानं विचारलं.

आक्कानं डोळे मिटले. "पाणी मागायलेत."

टाळ्या! माझं डोकंच फिरलं. "दाजी, पाणी मागितलंत?"

दाजींनी मान हलवली. नाही.

टायवाला म्हणाला, सिग्नल कमी आहे, उद्या या. आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. मीच अपराधी झालो.

"क्लासात काय वाईट होतं गं?" मी हळूच विचारलं.

"बाई म्हनल्या, आधी ह्यांचं नाव मोठ्यानं घ्या, तुमचे ओठ बघून ते म्हनतील. मी कसं घेऊ रे? लग्न झाल्यापासून देवाला बी हणमंतच म्हनते मी. वाटलं, मशीननं तोंड न उघडता पोचंल."

असं होतं तर! तीन महिने पहिल्याच धड्यावर अडले होते दोघं. मला रडू आलं.

आक्कानं टोपी काढली. दाजींसमोर बसली, पदर डोक्यावर नीट ओढला. चारचौघांत म्हणाली, "मारोती."

दाजी बघतच राहिले. ओठ मिटले, थरथरले. "म्म..."

सोमवारी मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात. मेंदूच्या बातम्या अजून वाचतो, खरंच काही निघालं तर आधी आक्कालाच कळवीन. तेवढ्यात तिचा फोन आला. "क्लासला चाललोत. ऐक जरा."

पलीकडे बसची घरघर. मग दाजी, दमत, "मा... रो..."

"शेवटचं अक्षर ऱ्हायलंय," आक्का म्हणाली, आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं तिनं नवऱ्याचं नाव पुन्हा घेतलं.