फाटकावरच्या लाल टिकल्या

हिंदुराव हवालदारांच्या फाटकातून उशिरा आलेलं पोर कारण सांगितल्याशिवाय आत गेलं, असं सहा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणि या गोष्टीचा त्यांना त्यांच्या पदकांपेक्षाही जास्त अभिमान होता.

माणूस आमच्या गावचा, माणदेशातला. माळावरच्या बोरीसारखा. फार उंच गेला नाही, पण कुठल्या वाऱ्यानं वाकलाही नाही. चोवीस वर्षं फौजेत काढली. शेवटची नेमणूक दिल्ली छावणीत होती. पुढं मुलाला, कौस्तुभला, गुडगावात नोकरी लागली, तेव्हा नवराबायको गावाकडं न परतता पालमला दोन खोल्या घेऊन राहिले. पेन्शन होती. पण जो माणूस चोवीस वर्षं पहाटे साडेचारला उठला, त्याला उन्हाकडं बघत बसणं कसं जमावं? जवळच्या एका शाळेत ते फाटकावर लागले.

त्या शाळेला एका बाजूनं गाड्या येत आणि दुसऱ्या बाजूनं, नाल्यापलीकडच्या वस्तीतून, पायी चालणारी पोरं येत. दोघांनाही हवालदारांचा नियम एकच होता. साडेसातला फाटक बंद. नंतर येईल त्यानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि नंबर आला की एक पाऊल पुढं टाकून, सावधान होऊन, नाव, वर्ग आणि उशिराचं कारण मोठ्यानं सांगायचं. समोर मैदानावर प्रार्थनेला सगळी शाळा उभी असायची. तिथल्या शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे, इतक्या मोठ्यानं.

याला ते ‘रिपोर्ट’ म्हणत.

“फौजी अंकल, अलार्म नहीं बजा!” एखादं पोर ओरडायचं.

“अलार्म नहीं बजा कि तूने सुना नहीं?” हवालदार विचारायचे, आणि मैदान हसायचं. तेही मिशीत हसायचे.

फौजेत असंच असतं, ते सांगत. चूक झाली की छाती पुढं काढून सांगायची. सांगितली की संपली. मग ती पुन्हा कुणी उकरायची नाही. “मी एकाही पोराला बोट लावलेलं नाही,” ते अभिमानानं म्हणत. खरंच लावलं नव्हतं.

मागल्या नोव्हेंबरात, धुरकट हवेनं सूर्यसुद्धा उशिरा येत होता त्या दिवसांत, अक्षता नावाची मुलगी शाळेत आली. मूळची औशाकडची. मोठ्या परीक्षांसाठी दिल्लीला आलेली, मुनिरक्यातल्या एका खोलीत चार वर्षं पुस्तकं उशाला घेऊन झोपलेली. परीक्षा हुकली, आणि त्या भागातल्या मानवाधिकार आयोगात तिनं काम धरलं. आयोगानं शाळा आणि आसपासच्या वस्त्या यांना जोडून एक काम काढलं होतं. पोरांना कुठं भीती वाटते, कुठं मान खाली जाते, ते पोरांकडूनच समजून घ्यायचं.

फाटकावरच तिनं विचारलं, “काका, तुम्ही सातारचे ना? हिंदीवरून ओळखलं.”

“माणचे. सातारचे म्हटलं की लोकांना स्ट्रॉबेरी आठवते. आमच्याकडं दगड पिकतात.”

ती खळखळून हसली. दोघांचं जमलं.

तिनं व्हरांड्यात एक मोठा कागद लावला. त्यावर शाळेचा नकाशा होता. वर्ग, मैदान, पाण्याच्या टाक्या, फाटक. खाली टिकल्यांची दोन ताटं ठेवली, बायका कपाळाला लावतात त्याच टिकल्या. जिथं बरं वाटतं तिथं हिरवी लावायची, जिथं लाज वाटते तिथं लाल. एकेकट्यानं यायचं, लावायची, जायचं. कुणी कुणाचं बघायचं नाही.

“काका, तुम्ही इथं उभे राहाल का? गर्दी होऊ द्यायची नाही. पण पाठ नकाशाकडं हवी.”

“पाठ करून उभं राहायला शिकवायची गरज नाही आम्हाला. आणि फाटकावर बघा, हिरव्या जास्त येतील. पोरं जीव लावतात.”

दोन तास ते पाठ करून उभे राहिले. मागून चपलांची, बुटांची सरसर ऐकू येत होती. एकदाही मान वळवली नाही. शेवटचं पोर गेल्यावर अक्षता म्हणाली, “झालं, काका.” ते वळले.

नकाशावर सगळीकडं हिरवळ होती. आणि फाटकाला गोवर आला होता. फाटकाचं चित्र दिसतच नव्हतं. लालावर लाल, जागा उरली नाही तेव्हा भिंतीवर, रस्त्यावर, कागदाच्या कडेपर्यंत लाल.

हवालदार कागदाला बाही घासेल इतके जवळ गेले. मग म्हणाले, “उलटं समजली असतील पोरं. लाल म्हणजे चांगलं.”

“सगळीच्या सगळी, काका?”

अक्षतानं वाकून एका टिकलीशेजारची बारीक पेन्सिलची अक्षरं वाचली. कुणीतरी एका मुलीचं नाव लिहिलं होतं, आणि पुढं दोनच शब्द. ‘उसको पूछो.’

“ही कोण, काका?”

तिला आपण राधा म्हणू. खरं नाव हवालदारांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

राधा आठवीतली. वस्तीतून यायची. बारीक अंगाची, दोन वेण्या, आणि जवळपास रोज उशीर. रिपोर्ट ठरलेला होता, पानी का टैंकर. महिनाभर तेच ऐकून हवालदारांनी एक दिवस टँकरवाल्यालाच गाठलं. टँकर आठवड्यातून तीनच दिवस येत होता, तोही दुपारी. दुसऱ्या दिवशी राधा पुढं आली, ‘पानी का टैंकर’ म्हणाली, आणि त्यांनी तिला थांबवलं.

“फौजी से झूठ नहीं. सच बोलो.”

ती गप्प राहिली. प्रार्थना संपली, तरी गप्प. बाकीची पोरं आत गेली, ती उभीच. मैदानावरचे वर्ग थांबून बघायला लागले. हवालदार म्हणाले, “सच बोलने में शरम कैसी? जोर से!”

आणि त्या पोरीनं डोळे मिटून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “राधा कुमारी, आठवीं बी, टॉयलेट की लाइन में थी.”

मग मैदान फुटलं. ते हसणं हवालदारांनी रोजचंच हसणं समजलं. ते मोठ्यानं म्हणाले, “शाबास! इसको कहते हैं सच!” आणि फाटक उघडून तिला आत सोडलं. पोरगी जिंकली, असं त्यांना वाटलं.

त्या दिवसापासून पोरं तिला ‘डिब्बा’ म्हणायला लागली, संडासाला पाणी नेतात तो. जिन्यात डिब्बा, डबा खाताना डिब्बा. बारा दिवसांनी ती यायची बंद झाली. फाटकावर रोजच्या रांगेतलं एक डोकं कमी झालं, तेव्हा हवालदार घरी जाऊन म्हणाले होते, “एक पोरगी सुधारली बरं का. हल्ली वेळेवर येते.”

हे सगळं त्यांना नकाशापुढं उभं राहून उमगलं. थोडं अक्षतानं सांगितलं, थोडं राधाच्या वर्गबाईंनी, आणि उरलेलं त्यांचं त्यांनाच आठवलं.

घरी आले तेव्हा हौसाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग त्याच्या बाहीकडं.

“या वयात कुणाची टिकली चिकटवून आलात म्हणायची?”

खरंच, बाहीला एक लाल टिकली चिकटली होती. एरवी ते हसले असते. त्यांनी ती नखानं सोडवली, तळहातावर घेतली, आणि बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, “पण माझा हेतू वाईट नव्हता.”

हौसाबाई मेथीची पानं खुडत राहिल्या. जुडी संपली तेव्हा बोलल्या.

“मला पहिल्यांदा क्वार्टरमध्ये आणलंत, तेव्हा मी आधी काय बघितलं, आठवतंय?”

“पंखा?”

“कडी. संडासाच्या दाराची कडी. आतून लावता येणारी. गावाकडं अंधार असताना उठायचं आणि उजाडलं की दिवसभर पोट दाबून बसायचं, त्यातून आलेली मी. दोनदा कडी लावली, दोनदा काढली, आणि आतच बसून रडले. बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, काय झालं. मी सांगितलं. तुम्ही काय म्हणालात?”

हवालदारांना आठवलं.

“म्हणालात, शेजारच्या बायकांत सांगू नकोस, हसतील.” त्यांनी देठं कागदात गुंडाळली. “बायकोचं झाकलंत. झाकायलाच पाहिजे होतं. आणि ती पोरगी कुणाचीच नव्हती होय?”

रविवारी सकाळी आयोगाची बैठक वस्तीतल्या चौकात होती. अक्षता तिथं दर पंधरवड्याला बसायची. हवालदारांनी तिला फोन करून सांगितलं, मी येतो, मला माफी मागायची आहे. ते कोट घालून आले. छातीवर पदकं होती. रात्रभर शब्द जुळवले होते. स्वतःचाच रिपोर्ट द्यायचा, पोरं देतात तसा, सावधान उभं राहून.

अक्षतानं पदकांकडं पाहिलं. “काका, हे काढून ठेवता का?”

“का? मान देतोय त्यांना.”

पदकं छातीवरच राहिली. चौकात तीसेक माणसं होती, बऱ्याच बाया. राधाची आई पुढंच बसली होती. चार घरची कामं करणारी, हात पाण्यानं पांढरे पडलेले. राधा कुठं दिसत नव्हती. हवालदारांनी एक पाऊल पुढं टाकलं, टाच टाचेला लावली आणि छातीतून आवाज काढला.

“मैं, रिटायर्ड हवालदार हिंदुराव! मैंने आपकी बेटी राधा को पूरे स्कूल के सामने...”

“बस!” राधाची आई उठून उभी राहिली. “फिर चिल्लाओगे? जिस गली ने नहीं सुना, उसको भी सुनाओगे?”

हवालदारांनी इकडंतिकडं पाहिलं. आजूबाजूच्या दारांत माणसं आली होती. एका खिडकीचं फडकं हललं आणि स्थिर झालं. त्यांना एकदम कळलं, की आपल्याजवळ हा एकच आवाज आहे. दुसरा आपण कधी शिकलोच नाही.

“माफी वाफी रहने दो, फौजी जी,” ती बाई आता हळू बोलत होती. “सुबह छह बजे आओ. देखने नहीं. लाइन में.”

सोमवारी सहाला ते गेले. कोट नव्हता, पदकं नव्हती. हातात प्लास्टिकचा डबा होता. वस्तीच्या त्या संडासाला पुरुषांकडं चार दारं होती, दोनांना कुलूप. बायकांकडंही तसंच, वर एका दाराला कडी नव्हती. आतली बाई सुतळी धरून बसायची आणि बाहेर तिची कुणीतरी दाराला पाठ लावून उभी राहायची. रांग नाल्याच्या कडेनं वळत गेली होती. कुणी भांडत होतं, कुणी मोबाईल बघत होतं, एक म्हातारा पुढच्याला म्हणत होता, “बेटा, मुझे जाने दे, मेरा इंजन पुराना है.” लोक हसले. म्हातारा पुढं सरकला.

बायकांच्या रांगेत राधा होती. तिनं हवालदारांना पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. त्यांनीही नजर डब्यात घातली.

नंबर लागला तेव्हा सव्वासात वाजून गेले होते. घरी जाऊन, हातपाय धुऊन, वर्दी चढवून ते जवळजवळ पळतच शाळेत आले. सात बेचाळीस. चोवीस अधिक सहा वर्षांत पहिल्यांदा. फाटकावर प्रिन्सिपल मॅडम स्वतः उभ्या होत्या. भिंतीला पाठ लावून उशिरा आलेली सात-आठ पोरं रिपोर्टसाठी ताटकळली होती. मैदानावर प्रार्थनेच्या रांगा होत्या.

“हिंदुरावजी, आप? सब ठीक? इतनी देर कैसे हुई?”

मॅडमनी काळजीनं विचारलं होतं, मोठ्यानंही नाही. पोरं टक लावून बघत होती. खरं काय ते एवढंसंच होतं, त्या पोरीनं सांगितलं तेवढंच. हवालदारांनी तोंड उघडलं. कान तापले. मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, बारीक, अनोळखी.

“पानी का टैंकर, मॅडम.”

मॅडम “अच्छा” म्हणून आत गेल्या. पोरांना काही कळलं नाही. हवालदारांनी भिंतीकडं न बघता फाटक सताड उघडलं. “जाओ.”

“अंकल, रिपोर्ट?” एकानं विचारलं.

“जाओ, बेटा.”

त्या दिवसापासून रिपोर्ट बंद झाला. अक्षतानं आयोगाच्या नावानं पालिकेला पत्रं लिहिली, शाळेत वर्गावर्गात जाऊन बोलली, राधाच्या आईकडं चारदा चहा प्याली. डिसेंबर सरता सरता बंद दारांपैकी एक उघडलं, आणि कडी बसली. ती कडी हवालदारांनीच पालमच्या दुकानातून नेऊन दिली होती, असं अक्षता सांगते. ते स्वतः हे सांगत नाहीत. विचारलं तर विषय बदलतात.

जानेवारीत एका सकाळी, धुक्यात चार हातांवरचं दिसत नव्हतं, आठला दहा कमी असताना दोन वेण्या फाटकापाशी आल्या. हवालदारांनी या घटकेसाठी माफीचं एक वाक्य तयार ठेवलं होतं. लहान होतं, हळू म्हणायचं होतं. महिनाभर घोकलं होतं.

राधा आत गेली नाही. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग कुणी न सांगता एक पाऊल पुढं आली, टाच टाचेला लावली, हात मांडीला सरळ केले, हनुवटी वर, नजर समोर. आणि रिपोर्टसाठी श्वास भरून घेतला.

“नहीं,” हवालदार पुटपुटले. “नहीं, बेटा. कुछ नहीं बोलना.”

तिनं भरलेला श्वास तसाच ठेवला. ते दार धरून बाजूला झाले आणि खाली बघत राहिले. काळे कापडी बूट आपल्यापुढून गेले, एवढं त्यांनी पाहिलं. तिनं वर पाहिलं की नाही, हे त्यांना ठाऊक नाही. तयार ठेवलेलं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. अजून तिथंच आहे.