विहिरीच्या बातमीसाठी चाकांचं शिसं

सत्तरच्या दशकातल्या एका मंगळवारी सकाळी कर्जतच्या एका छापखान्याच्या मालकाने आमच्या साप्ताहिकाला उसन्या दिलेल्या शिशाच्या पट्ट्या परत नेल्या. अंक गुरुवारी निघायचा होता.

जुळवलेल्या दोन ओळींमधली मोकळी जागा या पट्ट्या धरून ठेवतात. अक्षरांचे खिळे आमचे होते, पट्ट्या त्याच्या. कारण त्याने लपवलं नाही. पहिल्या पानावर एका गावच्या सार्वजनिक विहिरीची बातमी होती. बौद्ध कुटुंबांतल्या बायकांना तिथून रिकाम्या घागरींनी परत पाठवलं होतं. मी स्वतः जाऊन दोन्ही बाजूंना विचारून आलो होतो. परत पाठवलेल्या बायकांत आमच्या कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची, बहीण होती. कंपोझिटर दहिवलीचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा.

"बातमी काढा, संध्याकाळी पट्ट्या परत देतो," मालक म्हणाला. "एका विहिरीपायी तालुका कशाला पेटवता?"

"तालुका कशाला? आमी चूल पेटवतो," कंपोझिटर म्हणाला.

लाकडाच्या पट्ट्या घालून पाहिल्या. जुळवलेल्या पानाचा फर्मा चौकटीत आवळताना त्या दबल्या आणि ओळी निसटल्या. तेव्हा पट्ट्या स्वतःच ओतायचं ठरलं. शिसं विकत घ्यायला वेळ नव्हता. मी खोपोलीच्या गाडीने शिळफाट्याला गेलो. तिथला टायरवाला चाकांची जुनी वजनं घमेल्यात टाकत असे. चाकाचा तोल साधण्यासाठी लोखंडी चिमटीने रिमच्या काठावर ठोकतात, ते हे बोटाएवढे तुकडे. निम्मं घमेलं त्याने माझ्या पिशवीत ओतलं.

बिघडलेल्या लाउडस्पीकरचा चुंबक चिमटी सोडून प्रत्येकाच्या अंगाला लावून मी लोखंडी तुकडे काढले आणि उरलेले सगळे कढईत टाकले. कढई आमच्या छापखान्यामागे उघड्यावर होती. शिसं वितळलं. काही तुकडे तसेच वर तरंगत राहिले. मी जाळ वाढवला. तेही विरघळले आणि सगळा रस आंबिलीसारखा दाटला. साच्यात तो धड उतरेना. उतरला तेवढा ठिसूळ निघाला.

"काय घातलंत यात?" कंपोझिटरने विचारलं.

"चुंबक लावून घेतलं होतं."

"अवो संपादक, चुंबक लोखंड सांगतो. जस्त नाय सांगत. जे वितळत नव्हतं ते बाहेर काढायचं, तर तुमी त्यालाच आग घातलीत!"

शिळफाट्याकडचा एक ओतारी मोडक्या कार्ब्युरेटरचं जस्त वितळवून वजनं ओततो, हे कंपोझिटरला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं. ती कढई वाया गेली.

बुधवारी मी दुसरी पिशवी आणली. या वेळी आम्ही एकेक तुकडा तपासला. विहिरीच्या बातमीचं प्रूफ उलटं करून कंपोझिटर त्यावर प्रत्येक तुकडा ओढायचा. शिसं पेन्सिलीसारखी करडी रेघ सोडतं. जस्त कागद नुसता खरवडतं. मग पक्कड. शिशात दात रुततो, जस्तावरून घसरतो. दगडावर टाकलं तर शिसं धप्प वाजतं, जस्त किणकिणतं. तरीही शंका राहिली तर बॅटरीच्या ॲसिडचा एक थेंब. जस्तावर बुडबुडे येतात.

मालक पुन्हा आला. प्रूफची पाठ रेघांनी भरली होती. "हे काय चाललंय?"

"परीक्षा चाललीय," कंपोझिटर मान वर न करता म्हणाला. "शिसं असेल ते रेघ मारतं. बाकीचं बाजूला. तुमीपण जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

मालक निघून गेला. या खेपेला रस आरशासारखा झाला. वजनांच्या लोखंडी चिमट्या वर तरंगल्या, त्या आम्ही झाऱ्याने काढल्या. पट्ट्या साच्यातून सरळ निघाल्या, पण मूळच्यांपेक्षा जाड. त्यामुळे पानावर ओळी कमी बसत होत्या.

"काय कापायचं?" कंपोझिटरने विचारलं. विचारताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी त्याच पानावरचा माझा अग्रलेख काढला.

अंक गुरुवारी दुपारी निघाला. विहिरीची बातमी पहिल्या पानावर होती, एकही ओळ न कापता. संध्याकाळी कंपोझिटर एक अंक घेऊन बहिणीच्या गावी गेला आणि त्याने पहिलं पान त्याच विहिरीच्या रहाटाच्या खांबावर खळीने चिकटवलं. रविवारी मी तिथे गेलो. पानाचे दोन कोपरे फाटले होते. बातमी पूर्ण वाचता येत होती.